चिकाची खळ

आमच्या डोंबिवलीच्या खोलीत माणसं चार होती आणि शिकंजा एक, आणि सगळ्यात जास्त जागा शिकंज्यालाच लागायची. खोलीत तो मावेना म्हणून बाहेर गॅलरीत, आमच्या दारासमोर ठेवलेला. शिकंजा म्हणजे सुट्या कागदांचे पॅड करायचं यंत्र. यंत्र कसलं, खाली आखूड पायांची एक जाड फळी, दोन्ही बाजूंना हातभर उंच लोखंडी खांब, वर आडवी पट्टी, तिच्यातून खाली उतरणारा मनगटाएवढा स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर चाक. छापलेले कागद फळीवर ठोकून ठोकून कडेला सारखे करायचे. पन्नास कागद झाले की एक पुठ्ठा, पुन्हा पन्नास, पुन्हा पुठ्ठा, असा थर लावत जायचा. मग चाक फिरवून वरून दाबायचं आणि उघड्या राहिलेल्या कडेला सरस फासायचा. सरस वाळला की चाक सैल करायचं, पुठ्ठ्याखालून पातळ सुरी घालायची आणि एकेक पॅड सोडवून घ्यायचा. दुकानदार बिलाचा कागद टर्रकन फाडून देतो, तो तसा फाटावा म्हणून आधी कुणीतरी तो असा चिकटवलेला असतो. हे सांगितलं की लोक म्हणायचे, अच्छा, असं असतं होय. तरुणपणी मला त्याचा राग यायचा. आता राग यायला सुद्धा कुणी विचारत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात बायंडर होते. तिथे नवीन मशीन आलं तेव्हा हा शिकंजा भंगारात चाललेला. अण्णांनी तो मालकाकडून मागून घेतला आणि टेंपोत घालून शीळफाट्यावरून घरी आणला. पहिल्या मजल्यावर चढवताना जिन्याच्या तीन पायऱ्यांचे कोपरे उडाले. घरमालकीण वर्षभर ते कोपरे दाखवून आम्हाला ऐकवायची. शिकंजा आल्यावर घराचा आवाजच बदलला. सकाळी डोळे उघडायचे ते कागद ठोकल्याच्या आवाजानं, आणि चाक शेवटचा अर्धा फेरा घेताना जे कण्हायचं ते तर माझ्या कानातून अजून गेलं नाही. आई त्या कण्हण्यावर भात उतरवायची. चाक कण्हलं म्हणजे अण्णांचा एक थर झाला, आता ते हात धुतील आणि ताटावर बसतील, असा तिचा हिशोब. भात, चपाती, बटाट्याच्या काचऱ्या आणि आमटी. आमटीला सुद्धा सरसाचा वास यायचा. आम्हाला तो येत नव्हता, पाहुण्यांना यायचा.

मी सातवीला दोनदा बसलो आणि दोनदा पडलो. तिसऱ्यांदा अण्णांनी शाळेत बसवलंच नाही, शिकंज्यावर बसवलं. ज्या दिवसाचं सांगतोय तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि माझी बहीण शकू सहा वर्षांची. मध्ये दोन भावंडं होऊन गेलेली, त्यामुळे शकू म्हणजे आईचा जीव. अण्णा मला मारायचे. त्यात वाईट वाटून घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. फक्त मारायच्या आधी ते एकदम हळू बोलायचे, ते मात्र फार वाईट. शेजारी ओरडून मारणारे बाप होते, त्यांची पोरं सुखी होती असं मला वाटायचं.

गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एक मावशी राहायची. सगळी चाळ तिला मावशीच म्हणायची, पण खरी मावशी ती निमाची. निमाचे आईवडील देशावर गावी, शेती थोडी, पोरी चार, म्हणून निमाला इथे पाठवलेलं. ती माझ्याहून वर्षानं लहान. कागद ठोकायला तिच्यासारखा हात मी नंतर कुठल्याही छापखान्यात बघितला नाही. कागद हवेत उचलायची, मनगट हलवून त्यात वारा भरायची आणि फळीवर असा सोडायची की कडा सुरीनं कापल्यासारखी एकसारखी. शुक्रवारी वागळे इस्टेट बंद, म्हणून शुक्रवार हा आमच्या गॅलरीतल्या कामाचा वार, आणि त्या दिवशी निमा मदतीला यायची. शिकंज्याच्या एका बाजूला ती, समोर मी. समोरासमोरच बसावं लागतं, एकानं ठोकायचं आणि दुसऱ्यानं थर धरायचा. मी धरलेला थर बघून ती म्हणायची, "दाम्या, तुझा थर बघ, पगाराच्या दिवशी गटारीशेजारनं चाललेल्या माणसासारखा कललाय." मी चिडायचो. चिडलो की थर आणखी कलायचा.

निमा म्हणजे माझी बायको. गेल्या पौषात गेली. सात महिने झाले, अजून मी चहाला दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. हे लिहायचं कारण तीच आहे, पण ते शेवटी येईल.

त्या वर्षी कल्याणकडच्या एका देवस्थानाचं काम अण्णांना मिळालं. चैत्रातल्या उत्सवासाठी देणगीच्या पावत्यांचे पॅड. मोठं काम होतं, आणि अण्णांनी ते छापखान्याच्या मालकाला सांगून स्वतःच्या नावावर घेतलेलं, पहिल्यांदाच. देवस्थानच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांची अट एकच होती. देवाच्या पावतीला सरस लावायचा नाही. सरस हाडाचा आणि कातड्याचा. "पुजारी ती पावती हातात घेतो, मग तोच हात गाभाऱ्यात जातो," ते म्हणाले. अण्णांनी हो म्हटलं आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. सरस नाही तर पिठाची खळ, आणि पिठाची खळ पातळ पडते. पावती फाडायच्या आधीच पॅड सुटून पत्त्यांसारखा पसरायचा.

आई म्हणाली, "पिठाची कशाला? चिकाची करा. चीक सुटायचा नाही."

गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, पिळून त्याचं जे पांढरं सत्त्व निघतं तो चीक. तो उकळत्या पाण्यात शिजवून सोऱ्यातून पाडला की कुरडया होतात. आईला तशाही चैत्रात कुरडया घालायच्याच होत्या. तिनं गहू दुप्पट भिजवला. अण्णांनी बोटभर चीक घेऊन दोन कागद चिकटवून बघितले, वाळल्यावर ओढले, तर कागद फाटला पण जोड सुटला नाही. तेव्हा अण्णा हसले. त्यांच्या हसण्याचे प्रसंग मला बोटावर मोजता येतात, त्यातला हा एक.

खळीत मोरचूद घालावं लागतं. नाहीतर झुरळं, उंदीर, मुंग्या पॅडची पाठ खाऊन टाकतात. मोरचूद म्हणजे निळे खडे, विषच. अण्णा ते कागदाच्या पुडीत बांधून शिकंज्यामागच्या भिंतीवर उंच खुंटीला अडकवायचे, शकूचा हात पोचू नये म्हणून. दर वेळी सांगायचे, दोन चिमटी घ्यायचं, बारीक कुटायचं, पाण्यात विरघळवून मग घालायचं. मी हे इतक्या वेळा ऐकलेलं की ऐकणं बंद केलेलं.

तो शुक्रवार. अण्णा सकाळीच टेंपोनं कल्याणला गेलेले, उरलेल्या छापील पावत्या आणायला. गॅलरीत बायकांची झुंबड. आमच्या खोलीत एक शेगडी, दारात एक स्टोव्ह, दोन्हींवर मोठाली पातेली, आणि आई नाकापर्यंत पदर घेऊन घामानं निथळत चीक घोटतेय. कुरडयांच्या चिकात मीठ आणि हिंग. पण त्याच्या आधी तिनं थोडा आळणी चीक वेगळा शिजवला. आळणी दोन कामांना लागणार होता, एक आमच्या खळीला आणि दुसरा पोरांना. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर दूध आणि साखर, हा कुरडयांच्या दिवशी पोरांचा हक्कच. मावशी दारात बसून एका वाडग्यात खायचा हिरवा रंग कालवत होती. तिला थोड्या कुरडया रंगीत हव्या होत्या, निमाच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या रुखवतात मांडायला. "कुणाचं लग्न गं मावशी?" मी विचारलं. "तुझं नाही एवढं खरं," ती म्हणाली, "तुला कोण देतंय." बायका हसल्या. निमानं मान खाली घातली आणि कागद जरा जास्तच जोरात ठोकले.

आईनं आळणी चीक दोन सारख्या पातेल्यांत ओतला. तिच्या लग्नातली जोडी होती ती, ॲल्युमिनियमची. दोन्ही तिनं शिकंज्याच्या फळीखाली सावलीत निवायला ठेवली आणि निमाला सांगितलं कुठलं कशाचं. मी तेव्हा चाक फिरवत होतो, माझं लक्ष नव्हतं. आई आत गेली. थर दाबून झाल्यावर मी पुडी काढली आणि विचारलं, "कुठल्यात घालू गं?"

निमाच्या दोन्ही हातांत कागद होते. वर न बघता म्हणाली, "डाव्या."

मी माझ्या डाव्या हाताचं पातेलं ओढलं. ती समोर बसलेली. तिचं डावं ते माझं उजवं. एवढंच झालं. हे मी आयुष्यभर मनात मांडून बघितलंय, हे पातेलं इकडे, ते पातेलं तिकडे, आणि एवढंच झालं. पण पुढचं माझ्या एकट्याचं आहे. कुटायला वरवंटा हवा, तो आत बायकांच्यात. आत जायचा कंटाळा आला. मी पुडी तशीच अख्खी पातेल्यात उलटी केली, ब्रशाच्या दांड्यानं चार फेरे ढवळलं आणि ताटली झाकून पातेलं परत फळीखाली सरकवलं. खडे तळाला गेले. वरून चीक दिसायला चिकासारखाच.

आई आली, खाली वाकली, तिच्या दृष्टीनं पोरांचं होतं ते पातेलं उचललं आणि गेली. तिनं बरोबरच उचललं. मी तेव्हा चाक आवळत होतो, राहिलेलं पातेलं न बघताच पुढे घेतलं, ब्रश बुडवला आणि कडेवर ओढला.

मोरचुदाची खळ पांढऱ्या कागदाच्या कडेवर किंचित हिरवट दिसते. सवय असलेल्यालाच कळतं. मी ओढलेला पट्टा पांढरा होता. मी आणखी एक हात मारला. पांढराच. मी पातेल्याच्या तळापर्यंत ब्रश खुपसून वर काढला, आणि तेवढ्यात आतून शकूचा आवाज आला, "आई, माझा चीक हिरवा झाला! माझा रंगीत आहे, यांचा नाही!" चाळीतल्या बाकीच्या तीन पोरांना वरचा वरचा वाढलेला आणि शकूला, लाडाची म्हणून, खरवडायला पातेलंच दिलेलं. आई शेगडीपाशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, "मावशीच्या रंगात हात घातलास ना? खा आता गुपचूप, आणि फ्रॉकला पुसू नकोस."

मी निमाकडे बघितलं. निमा माझ्या ब्रशाकडे बघत होती. तिला सगळं कळलेलं, माझ्याआधी कळलेलं असेल. तिचं तोंड उघडलं. आणि मी तोंडावर बोट ठेवलं.

का ठेवलं ते मला विचारू नका, मी स्वतःला विचारून थकलो. अण्णांचा हळू आवाज मला ऐकू आला, एवढंच सांगू शकतो. शिकंज्यापासून शकूपर्यंत सहा पावलं होती. मी ती नंतर चालून बघितलेली. आतून चमचा पातेल्याला घासल्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र, आणि मी ते ऐकत पांढऱ्या कडेवर पांढरी खळ लावत होतो. मनात म्हणत होतो, कडू लागेल, टाकून देईल. साखर भरपूर होती. तिनं टाकलं नाही.

चाक एकदा सैल करून पुन्हा आवळलं असेल एवढ्या वेळात शकू ओकली. मग पुन्हा ओकली. हिरवं, निळसर. वरचा चीक खाल्लेली बाकीची तीन पोरं धड होती. बायका धावल्या. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं दृष्ट. एक जण मीठ-मोहऱ्या घेऊन उतरवायलाही लागली. शकू पोट धरून जमिनीवर दुमडलेली, रडायलाही तिला श्वास पुरत नव्हता. आईनं ती हिरवी उलटी बघितली आणि ती वळली ती मावशीकडे.

"काय कालवलंत हो त्या रंगात? कुठून आणलात? माझ्या पोरीला काय घातलंत?"

मावशी उभीच राहिली, वाडगा हातात. "अगं, दुकानातला आहे. मी स्वतः जिभेला लावून बघितलाय. हे बघ." तिनं सगळ्यांसमोर बोट बुडवून चाटलं. हिरवी जीभ दाखवली.

"तुम्हाला पोर नाही ना, म्हणून!" आई ओरडली. मावशीला मूल नव्हतं आणि चाळीत हे कुणी कधी बोलत नव्हतं. मावशीच्या हातातून वाडगा पडला, हिरवं पाणी खाली मांडलेल्या माझ्या दुसऱ्या थराच्या दिशेनं वाहत आलं. मी तो वाचवायला दोन्ही हातांनी उचलला. मी थर वाचवला. हे पण लिहून ठेवतो.

निमा उठली. "काकू, रंगाचं नाही. मोरचूद आहे. पातेली उलटसुलट झाली. मी डावं म्हटलं, माझं डावं, आणि त्याचं... मी नीट सांगायला हवं होतं. माझी चूक." माझ्या बोटाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

खालून टेंपोचा हॉर्न वाजला. अण्णा आलेले. ते जिना चढून वर आले तेव्हा आईनं शकूला खांद्यावर घेतलेलं आणि तिच्या तोंडातून नीट शब्द निघत नव्हता. मावशीच बोलली, "मोरचूद गेलंय पोटात. आधी डॉक्टर, बाकी नंतर." दोन गल्ल्या सोडून दवाखाना होता. अण्णा शकूला घेऊन पळाले, मी मागे, आई चपला न घालता. डॉक्टरांनी दूध आणि अंड्याचा पांढरा भाग मागवला. आमच्या घरात कुणी अंडं शिवत नव्हतं. आईनं कच्च्या अंड्याचं ते बुळबुळीत पांढरं स्वतःच्या हातानं शकूच्या तोंडात घातलं, नाक दाबून. शकू पुन्हा ओकली. डॉक्टर अण्णांना म्हणाले, "किती होतं त्यात? नीट सांगा, त्यावर सगळं आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "किती घातलंस?" हळू आवाजात.

"दोन चिमटी," मी म्हणालो.

"कुटून?"

"हो."

डॉक्टरांचे खांदे जरा सैल झाले. "मग बरंचसं निघून गेलंय. घरी न्या, दूध देत राहा. संध्याकाळी मला दाखवा." आईनं भिंतीला डोकं टेकलं. मी सुटलो असं मला वाटलं. खरंच वाटलं, ते लपवत नाही. अण्णांनी शकूला खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो. मी मागे चालत होतो, त्यामुळे शकूचं तोंड माझ्याकडे. ओठ पांढरे, हनुवटीवर हिरवा ओघळ. तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "दादा, माझा रंगीत होता." फुशारकी मारावी तशी.

मी रस्त्यातच उभा राहिलो. "अण्णा, पुडी."

ते थांबले. "काय?"

"अख्खी पुडी होती. कुटलं नव्हतं. खडे तळाला होते, आणि तिनं तळ खाल्ला."

आई खाली बसली, तिथेच, रस्त्यात. मग अण्णा वळले आणि दवाखान्यात शिरले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली ती उभ्यानंच. टेंपो चाळीखाली उभाच होता, देवस्थानच्या पावत्यांचे गठ्ठे अजून उतरवले नव्हते. त्याच गठ्ठ्यांवर शकूला आडवी घातली आणि आम्ही कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. आई शकूचं तोंड पुसत होती आणि हाताला येतील ते कागद घेऊन पुसत होती, छापील, कोऱ्या, नंबर घातलेल्या पावत्या. अण्णांनीच गठ्ठ्याची दोरी सोडून दिली.

तिथे तिच्या नाकातून नळी घातली, पोट धुतलं, सलाईन लावलं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता सगळं मूत्रपिंडांवर आहे, लघवी झाली तर पोरगी आपली. नर्स तासातासानं येऊन विचारायची, "झाली का?" आणि आम्ही तिघं मान हलवायचो, नाही. माझ्या आयुष्यात मी देवाकडे पुष्कळ काय काय मागितलं, पण तेवढ्या मनापासून मागितलं ते हेच, माझ्या बहिणीची लघवी. हसायला येत असेल तर हसा. दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडूवाली फरशी पुसत असताना, शकू डोळे न उघडता म्हणाली, "आई, शू." आई इतकी जोरात रडायला लागली की नर्सला वाटलं संपलं सगळं. धावत आली, आणि मग तीही पदरानं डोळे पुसत भांडं आणायला गेली.

अण्णा मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. मी गाल पुढे केला, खरं सांगतो, मला मार हवा होता. त्यांनी हात उचलला नाही. विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण आदल्या दिवशीचं खोटं अजून तोंडात होतं. "ती खात होती तेव्हा," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली, बराच वेळ, जशी एखाद्या कामाची मापं ऐकताना हलवायचे. मग आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी मारलं नाही, आणि जवळपास वर्षभर कामापलीकडे माझ्याशी बोललेही नाहीत. पुसायला गेलेल्या पावत्या पुन्हा छापून घेतल्या आणि काम वेळेवर गेलं. मोरचूद न घातलेली पांढरी खळ, तीच लावली. कारभाऱ्यांनी एक पॅड हातात घेऊन पाठ हुंगून बघितली आणि म्हणाले, "छान, कसला वास नाही." आईनं मावशीचे पाय धरले. मावशीनं तिला उठवलं, पण कुरडया पाडायला ती पुन्हा आमच्या दारात आली नाही. निमाही शुक्रवारी यायची बंद झाली. थर मी एकटाच लावायला शिकलो, आणि तो कधी कलला नाही.

सहा वर्षांनी मी निमाला मागणी घातली. लोक म्हणाले, समोरासमोर बसून जमलं. जमलं असेल. पण मला ती बायको म्हणून हवी होती याच्या आधी मला ती जवळ हवी होती, कारण ते बोट तिनं एकटीनंच बघितलेलं. आपल्याला ठाऊक असलेलं कुणाला तरी ठाऊक आहे, आणि ते माणूस रोज समोर आहे, यात भीती पण असते आणि आधार पण. लग्नाला वर्ष झाल्यावर एकदा मी तिला विचारलंच, "तू अण्णांना माझं बोट का नाही सांगितलंस?" ती तोवर मला अहो म्हणायला लागलेली. म्हणाली, "बोट तुमचं होतं, तोंड तर माझं होतं ना? मी कुठे ओरडले? मावशीवर आलं तेव्हा बोलले. तोवर मी पण बसलेच होते की ऐकत. अर्धं माझं. आता पिशवी द्या, भाजी संपेल." त्यानंतर हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. निघायची गरज नव्हती. अर्धं ती उचलत होती, अर्धं मी, आणि दोघांनी मिळून चाललं.

शकू आता आजी झालीय. कल्याणला राहते. निमा गेल्यापासून रोज संध्याकाळी फोन करते, "दादा, जेवलास का? काय खाल्लंस? खोटं बोलू नकोस." वहिनीचं नाव निघालं की तिचा आवाज भरतो. तिला एवढंच माहीत आहे की पातेली उलटसुलट झाली, आणि वहिनीनं वेळेवर सांगितलं म्हणून आपण वाचलो. नातवंडांनाही तिनं तसंच सांगितलंय. आणि फोनवर ती मला म्हणते, "दादा, तू तेव्हा खरं बोललास, अख्खी पुडी म्हणून, नाहीतर मी कुठली?" मी हूं म्हणतो. सात महिने हूं म्हणतोय. निमा होती तोवर ते हूं दोघांचं होतं. आता तिचं अर्धं पण माझ्याकडे आलंय आणि मला ते पेलत नाही.

म्हणून हे लिहिलं. रविवारी ती जेवायला येणार आहे, डबा घेऊनच येते. जेवण झालं की हे कागद तिच्या हातात देणार आणि समोर बसून राहणार, उठून जाणार नाही. वाचून ती काय करेल मला सांगता येत नाही. लहानपणी रागावली की चावायची, आणि सोडवायला आईला यावं लागायचं. तेवढ्यावर भागलं, तर मी दोन्ही हात पुढे करीन.